निळ्या फुलांची बशी

आमच्या चाळीत रिकामं भांडं कुणाच्या दारी परत जात नसे. शेजारून वाटीभर आमटी आली, तर ती वाटी घासून, पुसून, आत काहीतरी घालूनच परत द्यायची. चार आमसुलं, चिंचेचा गोळा, मूठभर तांदूळ. काहीच हाताशी नसलं तर चमचाभर साखर. आई साखरेची वाटी माझ्या हातात द्यायची आणि दुसरा हात वर झाकणासारखा धरायला लावायची. जिना उतरताना मी बोट ओलं करून त्यातली थोडी साखर चाटते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती चमचा शिगोशीग भरायची.

चाळ भायखळ्याच्या बाजूला, गिरणगावाच्या कडेला. वरच्या तिन्ही मजल्यांवर बहुतेक घरं गिरणीतली, कोकणातून आणि घाटावरून आलेली. माझे बाबा साचेखात्यात होते. तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत एक गोव्याचं कुटुंब राहायचं. नवरा बोटीवर, दोन मुली, आणि घरात सदैव चालू असलेलं शिवणाचं मशीन. साऱ्या चाळीतल्या मुलींचे फ्रॉक तिथेच शिवले जायचे. त्या बाईंना लहानथोर सगळे आंटी म्हणत. आईसुद्धा आंटीच म्हणायची आणि आंटी आईला वैनी.

दिवाळीला फराळाचं ताट वरून खाली जायचं आणि नाताळला आंटीची बशी खालून वर यायची. गोव्याकडे जेवणाच्या ताटालाही बशी म्हणतात. ही बशी चिनी मातीची होती, चांगली ताटाएवढी, पांढरीशुभ्र, काठाला निळी फुलं आणि एका जागी छोटासा टवका उडालेला. वर क्रोशाचा रुमाल, त्याच्या चारी बाजूंना काचेचे मणी. रुमाल उचलला की आत आमच्या करंजीची बहीण असलेली नेवरी, काळ्या गुळाचा आणि नारळाच्या रसाचा थरथरता दोदोल, कंगव्यावर वळून रेघा पाडलेले कलकल, हरभऱ्याच्या डाळीचा दोस, आणि ज्या वर्षी नवऱ्याची बोट चांगली असेल त्या वर्षी बेबिंकाची एक फोड. तिचे थर आम्ही भावंडं एकेक करून सोलत बसायचो. मग बशी धुतली जायची आणि आई तिच्यात काहीतरी घालून मला खाली पाठवायची.

1982 च्या 18 जानेवारीला गिरण्या थांबल्या. अडीच लाख माणसं संपावर गेली. पहिले काही आठवडे मला सणासारखे वाटले, कारण बाबा दुपारी घरी असायचे. भोंगा वाजत नव्हता आणि त्या शांततेत झोप लागत नाही असं म्हातारी माणसं म्हणायची. पुढे पाऊस आला, गणपती आले. कोपऱ्यातला पितळी हंडा एक दिवस दिसेनासा झाला. मग आईच्या पायांतली जोडवी. थोरल्या भावाला गावी काकांकडे पाठवलं. चहातलं दूध गेलं. वाण्याच्या दुकानात जायला आई मला सांगू लागली, कारण लहान मुलीला तो ‘मागचं किती झालंय ठाऊक आहे का’ असं विचारणार नाही, असं तिला वाटे. तो विचारायचा.

दिवाळीला आईने कुरमुऱ्यांचा चिवडा केला. तो खाली गेला नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आमच्या घरचा फराळ खाली गेला नाही. त्या दिवसांत आई नळावर जायची ती आंटीच्या वेळा टाळून.

डिसेंबर लागला तशी तिची घालमेल वाढली. एका रात्री ती बाबांना हळूच म्हणाली, “या वर्षी तिने बशी पाठवली नाही तर बरं होईल हो. आली तर परत काय घालू तिच्यात?” साखरेच्या डब्यात चमचा घातला की तळ वाजत होता. बाबा काही बोलले नाहीत. संपाच्या त्या महिन्यांत बाबांनी किती गोष्टींना उत्तर दिलं नाही, त्याची मोजदाद मी पुढे मोठेपणी करू लागले.

शनिवार होता. 25 तारखेच्या सकाळी दारात आंटी स्वतः उभी. एरवी तिची धाकटी मुलगी बशी घेऊन यायची. आंटीच्या हातात केळीच्या पानाची पुडी होती, पांढऱ्या शिवणदोऱ्याने बांधलेली.

“वैनी, बशी फुटली गो माझी,” ती म्हणाली. “पानातच घे. आमच्या गोंयांत पानातच देतात.”

आईने पुडी घेतली. तिच्या कपाळावरची एक शीर सैल झालेली मी पाहिली, हे मी आज शपथेवर सांगेन. पानाचं काय परत करायचं? पान टाकायचं असतं. आत कलकल होते, दोन नेवऱ्या होत्या आणि दोदोलचा एक तुकडा होता. आईने ते चौघांचे वाटे केले. चौथा वाटा गावी असलेल्या भावाचा. तो नंतर मीच खाल्ला.

संध्याकाळी आम्ही मुलं गोठा बघायला खाली गेलो. आंटी दरवर्षी खाकी कागदाचे डोंगर करायची आणि वाटीत नाचणी पेरून तिच्या हिरव्यागार अंकुरांचं गवत करायची. त्या गवतात मातीच्या मेंढ्या, आणि मध्ये पेंढ्यावर निजलेलं बाळ. मी बाळाकडे बघता बघता वर पाहिलं. मागच्या काचेच्या कपाटात, चहाच्या कपांच्या पाठीमागे, बशी उभी होती. निळी फुलं, टवका, सगळं जिथल्या तिथे.

मी धावत वर आले. आई तांदूळ निवडत होती. “आंटी खोटं बोलली. बशी कपाटात आहे. मी पाहिली.”

आईचा हात सुपात थांबला. बराच वेळ थांबला. मग ती म्हणाली, “पाहिलंस ते पाहिलंस. आता कुणाला सांगू नकोस. आंटीला तर नाहीच नाही.” पुडीचा पांढरा दोरा तिने काडेपेटीवर गुंडाळून ठेवला होता. पुढे त्याच दोऱ्याने तिने माझ्या शाळेच्या पिशवीचा बंद शिवला.

त्या वर्षी आंटीचं स्वतःचं काय चाललं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी तिच्या थोरल्या मुलीकडून कळलं. चाळीत दिवाळीचे फ्रॉक कुणी शिवलेच नव्हते, त्यामुळे मशीन दोन महिने झाकलेलं होतं. नवरा बोटीवरून उतरला होता आणि पुढची बोट मिळत नव्हती. म्हणजे संप आमच्या घरात होता तसा तिच्याही घरात होता. फक्त तिच्या घरातल्या संपाला नाव नव्हतं आणि त्याचा मोर्चा निघत नव्हता.

1984 च्या दिवाळीला बाबांना एका इमारतीवर रखवालदाराचं काम होतं. लाडू, चकल्या, शंकरपाळे असं ताट पुन्हा खाली गेलं. आणि नाताळला धाकटी मुलगी जिना चढून वर आली, हातात क्रोशाच्या रुमालाखाली बशी. फुटलेली बशी साबूत परत आली होती. आईने ती दोन्ही हातांनी घेतली, टवक्यावरून एकदा अंगठा फिरवला. धुऊन, पुसून तिच्यात साखर घातली, इतकी की रुमाल टेकेना. दोघींमध्ये या गोष्टीबद्दल एक शब्दही कधी झाला नाही. दोघी आज नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी एक पुस्तक वाचताना मला ती केळीच्या पानाची पुडी आठवली. पुस्तक टेड गप या अमेरिकन पत्रकाराचं, ‘अ सीक्रेट गिफ्ट’, 2010 साली निघालेलं. हकिकत आहे ओहायो राज्यातल्या कॅन्टन नावाच्या गावाची. कॅन्टन म्हणजे पोलादाचं, कारखान्यांचं गाव. साल 1933. महामंदीने तेव्हा अमेरिकेतल्या दर चार काम करणाऱ्यांपैकी एकाच्या हातचं काम काढून घेतलं होतं, आणि कारखान्यांच्या गावांत तर गल्लीच्या गल्ल्या बसून होत्या. गिरणगावात वाढलेल्या माणसाला ते गाव वेगळं सांगावं लागत नाही. थंड पडलेली धुराडी आणि दुपारच्या वेळी दारात बसलेले धडधाकट पुरुष, एवढ्यावर ओळख पटते.

नाताळ तोंडावर आला असताना तिथल्या वर्तमानपत्रात एक छोटीशी जाहिरात आली. मंदीचा चटका स्वतः सोसलेल्या एका माणसाला 75 कुटुंबांना प्रत्येकी 10 डॉलर द्यायचे होते. त्यांनी आपली हकिकत पत्राने कळवावी. त्यांची नावं कुणालाही कळणार नाहीत, आणि देणारा कोण तेही त्यांना कळणार नाही. पत्ता पोस्टातला, नाव बी. व्हिर्डॉट. जाहिरातीचा रोख होता तो दानधर्माच्या दारात उभं राहायला ज्यांचे पाय धजत नाहीत अशा लोकांकडे. कालपर्यंत जे चार माणसांत मानाने वावरले, ज्यांनी कधी हात पसरला नाही, ज्यांना काय म्हणून मागायचं तेच माहीत नाही, असे लोक.

माझी आई त्या गावात असती तर तिने पत्र लिहिलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एकदा वाटतं, असतं. रात्री दिव्याची वात बारीक करून, बाबा झोपल्यावर.

पत्रांचा ढीग पडला. व्यापारी, कारागीर, मजूर, विधवा, आणि काही मुलंसुद्धा. पत्रं इतकी आली की बी. व्हिर्डॉटने हिशेब बदलला. 75 कुटुंबांना 10 डॉलरऐवजी 150 कुटुंबांना 5 डॉलर. रक्कम तीच, 750. पाव सात सेंटांना मिळायचा त्या दिवसांत पाच डॉलर म्हणजे मुलांच्या पायांत बूट, शेगडीत कोळसा, चार दिवस चूल. नाताळच्या सुमारास चेक घरोघर पोचले. त्यावर बी. व्हिर्डॉट अशी सही. कॅन्टनमध्ये त्या नावाचा माणूस कुणीच पाहिला नव्हता, कारण असा माणूस नव्हताच.

गुपित 75 वर्षं टिकलं. 2008 मध्ये टेड गप यांच्या आईने त्यांच्या हातात एक जुनी सूटकेस दिली. आत 1933 ची पत्रं होती आणि बँकेतून वटून परत आलेले चेक होते. बी. व्हिर्डॉट म्हणजे टेड यांचे आजोबा सॅम्युअल स्टोन. कॅन्टनमध्ये त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. त्यांच्या तीन मुली, बार्बरा, व्हर्जिनिया आणि डॉरोथी, यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून त्यांनी ते खोटं नाव तयार केलं होतं. आजोबा 1981 मध्ये वारले होते. नातवाने शोध घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. आपण अमेरिकेत जन्मलो असं सांगणारे हे गृहस्थ खरे जन्मले होते रुमानियात, एका ज्यू कुटुंबात. छळाला कंटाळून ते घराणं अमेरिकेत आलं होतं. लहानपणी घराच्या माळ्यावर सिगार वळण्यात त्यांचे दिवस गेले होते. नाताळ त्यांच्या वाडवडिलांचा सण नव्हता. गावात सण कुणाचा आणि उपासमार कुणाची, हे त्यांनी पाहिलं नाही. गाव आपलं आहे एवढं पाहिलं.

त्यांना खोटं नाव का घ्यावंसं वाटलं याची कारणं नातवाने आपल्या परीने शोधली आहेत. जन्म लपवून जगलेल्या माणसाला आडोशाची सवय झालेली असणार, हेही खरं असेल. मला मात्र त्या हकिकतीतला एकच शब्द पुन्हा पुन्हा दिसतो, चटका. ज्याचा हात भाजलेला आहे, त्याला दुसऱ्याचा भाजलेला हात कुठे धरू नये ते कळतं. आपल्याच गावात, आपल्याच दुकानात उद्या शर्ट घ्यायला येणाऱ्या माणसाने आपल्यासमोर नजर वर ठेवावी, एवढी काळजी त्या खोट्या नावाने घेतली. कॅन्टनच्या रस्त्यावर 150 घरांतली माणसं सॅम स्टोन यांना कितीदा भेटली असतील, नमस्कार-चमत्कार झाला असेल, आणि त्या नमस्कारात उपकाराचं ओझं नव्हतं. आंटीचं खोटंही याच जातीचं होतं. एकाने नाव मोडलं, एकीने बशी फोडली.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंची गोष्ट या चटक्यापाशी येऊन थांबते. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. शास्त्र्याचं घर, पुराणं सांगून जगणारं. भीक मागण्याची किंवा मजुरी करण्याची लाज उपाशीपोटीही सुटेना, हे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. 1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेने मरू घातलेल्या मुली आणि विधवा गोळा करून त्यांनी पुण्याकडे आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, तेव्हा त्यांच्याजवळ पैसा होता म्हणून त्या गेल्या असं मला वाटत नाही. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना वाट दाखवत असली पाहिजे. केडगावात त्या मुलींना नुसतं जेवण घालून बसवलं नाही. शिवण, विणकाम, छपाई, शेती असलं काम त्यांच्या हाती दिलं. ज्या घरात लाजेने माणसं गेली त्या घरातली मुलगी दुसऱ्याच्या हाताला काम देत होती. मला यात त्यांच्या आईवडिलांना उशिरा पोचलेली मदत दिसते.

नाताळच्या भेटीचं मूळ तरी कुठे आहे? सांताक्लॉज ज्याच्यापासून निघाला तो संत निकोलस चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याची दंतकथा अशी की एका बुडालेल्या गृहस्थाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसा नव्हता. निकोलसने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. दिवसाउजेडी दार ठोठावून देता आली नसती का? आली असती. पण मग त्या बापाला उद्या देवळात त्याच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. डिकन्सची नाताळची गोष्ट 1843 च्या 19 डिसेंबरला छापून आली. इंग्लंडात गरिबांचे फार हाल चालू होते तेव्हा. त्या गोष्टीतला कंजूष स्क्रूज पालटतो, आणि पहिलं काम काय करतो, तर आपल्या कारकुनाच्या घरी भलामोठा टर्की पक्षी पाठवतो, कुणी पाठवला ते न सांगता. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू देऊ नये, असं आपण मराठीत सहज बोलून जातो. या अर्थाचं सांगणं मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे. आमच्या घरी शुभवर्तमान नव्हतं आणि आंटीच्या घरी ज्ञानेश्वरी नव्हती, पण जिन्याच्या दोन्ही टोकांना ही एक म्हण सारखीच कळत होती.

2020 च्या टाळेबंदीत शिध्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या. वाटणारे पुष्कळ जण मनापासून वाटत होते, त्यांतले काही स्वतः आजारी पडले, त्यांच्या श्रमाबद्दल मला आदर आहे. पण पिशवी देताना काढलेले फोटो पाहिले की माझा घास अडकायचा. पाच हात एका पिशवीला लागलेले, सगळ्यांचे चेहरे कॅमेऱ्याकडे, आणि पिशवी घेणारी बाई मात्र जमिनीकडे बघते आहे. हिशेब दाखवावा लागतो, देणगीदारांना पुरावा हवा असतो, हे मला कळतं. तरी त्या बाईच्या घरी एक नऊ वर्षांची मुलगी असेल आणि ती तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर बघेल, हा विचार काही केल्या जात नाही.

त्या वर्षीचा नाताळ विचित्र होता. मी आता वसईला राहते. गिरणगावातली कितीतरी घरं पांगली, आमचं वसईला आलं. इथे नाताळ म्हणजे रस्त्यारस्त्यावर चांदण्या, गोठ्यांच्या स्पर्धा, रात्रीच्या मिस्साला नवे कपडे घालून निघालेली कुटुंबंच्या कुटुंबं. 2020 मध्ये सरकारच्या सूचना आल्या, चर्चमध्ये पन्नासांपेक्षा जास्त माणसं नकोत. 22 डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरानंतर संचारबंदी लागली. रात्रीचा मिस्सा संध्याकाळी उरकला गेला, बाकीच्यांनी तो मोबाइलवर पाहिला. चांदण्या लागल्या होत्या, त्यांच्याखाली कुणी नव्हतं.

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात एक बाई राहतात, मूळच्या गोव्याच्या. त्यांचे यजमान त्या सप्टेंबरात कोविडने गेले. मुलगा परदेशात, विमानं बंद. अंत्यविधीला चार माणसं. नंतर त्यांचं दार उघडलेलं मी फारसं पाहिलं नाही. दुधाची पिशवी सकाळी आत जायची एवढंच.

गोव्यात नाताळची मिठाई शेजारीपाजारी वाटण्याच्या रीतीला कोन्सोआद म्हणतात. शब्द पोर्तुगीज. नाताळ हा आपला शब्दही तिथूनच आला. कोन्सोआद या शब्दाच्या मुळाशी सांत्वनाचा अर्थ आहे असं मी वाचलं तेव्हा निळ्या फुलांची बशी एकदम डोळ्यांसमोर आली. आम्ही लहानपणी तिला खाऊ समजत होतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झालेला असतो तिथे गोडधोड करत नाहीत. त्या घरी शेजारी पाठवतात. ही रीत मला आंटीकडून माहीत होती.

मी करंज्या केल्या. आईच्या मापाने, खसखस भाजून. पण नेणार कशात, यावर मी एक अख्खी दुपार घालवली. प्रथम मनात आलं ते अर्थातच केळीचं पान. वसईत केळीच्या पानांना तोटा नाही. पान, पांढरा दोरा, परतफेडीची चिंता नको. आंटीने मला शिकवलेलं. मी पान पुसूनही ठेवलं होतं. मग वाटलं, आईला तेव्हा कशाची भीती होती? परत काय घालायचं याची. समोरच्या बाईंच्या घरात साखर आहे, तांदूळ आहेत, फ्रिज भरलेला आहे. त्यांच्याकडे नाही ते एक माणूस, आणि दार उघडायला काहीतरी कारण. पानाची पुडी दिली तर त्या ‘थँक यू’ म्हणतील, दार लावतील, पान टाकून देतील आणि गोष्ट तिथेच संपेल.

मी आईचा स्टीलचा डबा काढला. तिच्या लग्नातला, झाकणावर बाबांचं नाव आणि तारीख कोरलेली. संपात पितळ गेलं, हा राहिला होता. नाव कोरलेलं भांडं कुणी ठेवून घेत नाही, ते परत करावंच लागतं. करंज्या भरल्या, आधी फोन केला, कारण त्या दिवसांत दुसऱ्याच्या घरचं खायला माणसं बिचकत होती. त्या म्हणाल्या, “आण.” दार वीतभर उघडलं. मास्कच्या वर डोळे. मी डबा दिला आणि म्हटलं, “काकू, डबा आईचा आहे हं.” एवढंच म्हणायचं मी घरातून ठरवून निघाले होते.

जानेवारी सुरू झाला. डबा आला नाही. घरात सगळे म्हणाले, मागून घे, मी मागितला नाही. संक्रांत गेली. तिळगूळ मी त्यांच्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवून आले, पिशवी संध्याकाळी तिथे नव्हती. डबा नाही. मला थोडी काळजी वाटू लागली होती, आणि खरं सांगायचं तर डब्याचीही.

फेब्रुवारीत एका दुपारी बेल वाजली. काकू दारात होत्या. केस पांढरे झाले होते, मधल्या काळात रंगवलेच नसावेत. हातात डबा, घासून लखलखीत केलेला, झाकणावरच्या अक्षरांतली काजळीसुद्धा काढलेली. “उशीर झाला गो,” त्या म्हणाल्या, “काय घालू काय घालू करता करता राहिला.” मी त्यांना आत बोलावलं. त्या आधी उंबऱ्यातच थांबल्या, मग आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर डबा उघडला. आत चमचाभर साखर होती.

मी चहात साखर घालायला हात पुढे केला आणि थांबले. माझ्या बरणीतली साखर चहात घातली. डबा तसाच झाकून वरच्या फळीवर ठेवला. बाहेरून काकू विचारत होत्या की झाकणावरचं नाव कुणाचं, आणि ते लोक कोण, कुठे राहायचे. मी दोन कप घेऊन बाहेर गेले आणि त्यांना चाळीचं सांगू लागले.